गेंड्याभोवतीचा वळसा

"गाडी पुढे घ्या" हे शब्द माझे होते. शिकारखान्याच्या दप्तरात ते कित्येक वर्षे दुसऱ्या माणसाच्या नावावर होते, आणि ते तिथे नेऊन ठेवणारा हातही माझाच. आफ्रिकेच्या मुलखात एका सकाळी माझ्या हातून जे घडले ते उतावीळपणात घडले. पण त्यावर मी जो कागद लिहिला तो खुर्चीवर बसून, दौतीतली शाई ढवळून, टाक नीट पुसून लिहिला. चूक म्हणायची तर मी त्या कागदाला म्हणतो.

मी हातकणंगल्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला मीच. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलो आणि महाराज सरकारांच्या शिकारखान्यात कारकून म्हणून लागलो, तेव्हा वडिलांनी गावभर गूळ वाटला होता. माझे काम दप्तराचे. कोणते जनावर आजारी आहे, कोणत्या माळावर काळवीट दिसले, शिकारीला कोणता चित्ता गेला आणि त्याच्याबरोबर कोणता चित्तेवान, हे मी लिहून ठेवत असे. चित्तेवान म्हणजे शिकारी चित्ते माणसाळवून सांभाळणारी माणसे. बहुतेक मुसलमान, आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेले त्यांचे काम. त्यांतल्या सर्वांत जाणत्या माणसाला सगळेच चाचा म्हणत. मीही म्हणत असे.

चित्त्याची शिकार बैलगाडीतून होते हे परगावच्या माणसाला खरे वाटत नाही. काळवीट माणूस बघून पळते, घोडा बघून पळते, पण बैलगाडीला भीत नाही. जन्मल्यापासून ते कुणब्याच्या गाड्या बघत आलेले असते. म्हणून डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवायचा आणि गाडी सरळ कळपावर न नेता कळपाभोवती फिरवायची. जणू आपण दुसऱ्याच गावाला निघालो आहोत. एक वळसा झाला की दुसरा थोडा आतून, तिसरा आणखी आतून. बैलांनी थबकता कामा नये आणि घाई करता कामा नये. चाचा कासरा ढिला सोडून तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असत. काळवीट मान वर करी, गाडी बघी आणि पुन्हा गवताला तोंड लावी. साठ-सत्तर पावलांवर आले की चाचा चित्त्याची टोपी काढत. पुढचे सगळे चित्त्याचे काम.

कागलच्या बाजूच्या माळावर हा वळसा मी इतक्या वेळा पाहिला होता, की बैलगाडीत काय बसले आहे ते जगातल्या कोणत्याच जनावराला दिसत नाही अशी माझी खात्रीच होऊन गेली. वाऱ्याचा विचार आम्हाला फारसा करावाच लागत नसे. काळवीट डोळ्यांवर जगते.

पुढे आपल्या मुलखात चित्ते मिळेनासे झाले. आफ्रिकेत मिळतात असे कळले, आणि चौदा सालची लढाई सुरू होण्याच्या थोडे आधी तिकडून दोन चित्ते आणण्याचा हुकूम झाला. जनावर पारखायला चाचा आणि इंग्रजी कागदपत्रांसाठी मी, असे दोघे निघालो. निघायच्या दिवशी चाचांची बायको चित्तेखान्याच्या आवारात बसली होती. नवा धरलेला चित्ता माणसाच्या आवाजाला सरावावा म्हणून चित्तेवानांच्या बायका त्याला बांधलेल्या खाटेशी बसून तासन्‌तास गप्पा मारत, भांडत, भाजी निवडत. चाची भाजी निवडता निवडताच मला म्हणाली, "बाबा, ह्येनं कधी समुद्र बघितल्याला न्हाय. जसा नेतुयास तसा आण."

"आणतो की, चाची."

"जसा म्हंजे?" चाचा म्हणाले. "ह्यो हालणारा दात बी परत आणायचा व्हय?"

चाची हसली नाही. तिने माझ्याकडेच पाहिले आणि पुन्हा म्हणाली, "जसा नेतुयास तसा."

मला मात्र निघताना वेगळेच काहीतरी खुणावत होते. आमच्या इथे शस्त्रांच्या कोठीत गेंड्याच्या कातड्याची एक ढाल होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यावर बोटाने टकटक करून बघे. आमचे हेडकारकून म्हणाले होते, "आपल्या देशातल्या गेंड्याला शिंग एक. तिकडच्याला दोन असतात म्हणे. तू डोळ्यांनी बघून ये, मग आम्ही खरं मानू." एवढ्याशा बोलण्याने माझ्या डोक्यात ते दुसरे शिंग रुतून बसले. परत यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "दोन असतात. मी मोजलीत." याहून मोठे माझ्या मनात काही नव्हते.

आफ्रिकेत रानातला गेंडा कुठे बघायला मिळतो, असे आजही मला पुष्कळ जण विचारतात. मला जे ठाऊक आहे ते असे. बंदरावरून रेल्वे वर चढू लागली की आधी काटेरी रान लागते, लाल मातीचे, बिनपानांचे. तिथे गेंडे फार, पण दिसतात अगदी कमी. झुडूप हलते, आत काहीतरी जड फुसकारते, आणि बस्स. त्यापुढे चढण संपली की गवताळ माळ उघडतो. आपल्या माळासारखाच, फक्त त्याला शेवट नाही. तिथे रेल्वेच्या डब्यात बसल्या बसल्या गेंडा दिसतो. लांबून तो वारुळासारखा वाटतो, आणि मग वारूळ चालू लागते. पाणवठ्यावर तो सकाळी आणि तिन्हीसांजेला येतो. त्याची वाट ओळखायची तर शेणाचे ढीग बघायचे. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन शेण टाकतो आणि मागच्या पायांनी ते उधळतो.

हे सगळे मला एका कच्छी दुकानदाराने सांगितले. काटेरी रान संपून माळ सुरू होतो तिथल्या एका लहान स्टेशनाजवळ त्याचे पत्र्याचे दुकान होते. आमचे दोन्ही चित्ते त्याच्याच ओळखीच्या तिथल्या पारध्यांनी धरून आणले होते. तो माणूस चांगला होता. आम्हाला त्याने रोज खिचडी खाऊ घातली. सगळे सांगून झाल्यावर त्याने हात जोडले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "गेंडा बघायचाच तर रेल्वेतून बघा, भाई. उतरून बघू नका."

आम्ही आलो त्या आगगाडीतून मला एक गेंडा दिसलाही होता. पण तो पाठमोरा होता.

चित्ते पिंजऱ्यात घालून झाले होते, आणि परतीची गाडी यायला दोन दिवस होते. चाचा पिंजऱ्यांपासून हलायला तयार नव्हते. नवा चित्ता पहिल्या दिवसांत ज्याचा आवाज ऐकतो त्याच्याच हातून खातो, म्हणून ते तिथेच पोत्यावर बसून चित्त्यांशी बोलत होते. कोल्हापूर कसे आहे, रंकाळा केवढा आहे, तिथे गेल्यावर मटण कसे मिळेल, असे काहीबाही. मी त्यांच्या मागे लागलो.

"चाचा, एक सकाळ. जाऊन येऊ."

"ह्येंच्याजवळ कोण बसंल?"

"दुपारच्या आत येतोय की. परत कधी यायचंय आपण हिकडं?"

"तुला काय करायचाय गेंडा? खातुयास का बांधतुयास दारात?"

तरी शेवटी ते उठले. माझ्यावर त्यांचा जीव होता. आपल्या कामाची नोंद कुणीतरी नीट अक्षरात ठेवतो याचे त्यांना फार अप्रूप होते.

दुकानदाराची बैलगाडी आणि बैलजोडी घेतली. बैल आपल्यासारखेच वशिंडाचे होते, ते बघून चाचांना बरे वाटले. वाट दाखवायला त्या मुलखातलाच एक उंच, अबोल माणूस बरोबर आला. त्याच्या हातात फडक्याची एक पुरचुंडी होती. थोड्या थोड्या वेळाने तो ती झटकी, तिच्यातून बारीक राख उडे आणि ती कुठे वाहते ते तो बघे. मला ते देवदेवस्कीसारखे वाटले. चाचांनी मात्र दोन-तीनदा त्या राखेकडे पाहिले आणि गुणगुणणे थांबवले.

शेणाचा पहिला ढीग लागला तो जुना होता. दुसऱ्यातून वाफ येत होती. वाटाड्याने हात वर केला आणि आम्ही थांबलो.

एका पसरट झाडाखाली गेंडा उभा होता. लाल मातीत लोळल्यामुळे त्याचा रंग त्या जमिनीचाच झाला होता. पाठीवर चार-पाच पाखरे बसली होती, आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर साळुंक्या बसतात तशी. अंतर चांगले तीनशे पावलांचे असेल. वाटाड्याने राख झटकली. ती आमच्या तोंडावर आली. त्याने समाधानाने मान हलवली आणि खाली बसला. त्याच्या मते बघून झाले होते.

मला पुढचे शिंग दिसत होते. दुसऱ्याच्या जागी नेमके झुडूप आले होते.

"चाचा, वळसा घ्या," मी म्हणालो. "काळविटाभवती घेताय तसा."

"ह्ये काळवीट न्हाय."

"गाडीला कोण भितंय? तुम्हीच म्हणताय की न्हाय?"

"आपल्या माळावर म्हणतो. ह्येनं गाडी कुठं बघितलीया? आन्‌ त्यो राख उडीवतुया ती बघ. गोल फिरलं की वारं पाठीला येतंय, लेका. नको."

वाटाड्याला भाषा कळत नव्हती, पण माझे बोट कुठे फिरले ते कळले. तो म्हणाला, "हपाना." त्यांच्या बोलीत म्हणजे 'नको, नाही'. पुन्हा म्हणाला, "हपाना."

तेव्हा मी जे बोललो ते लिहिताना आजही हात अडतो. मी हसून म्हणालो, "भ्यालात व्हय चाचा? सरकारी चित्तेवान आन्‌ एका डुकराला भ्याला? जाऊन सांगू काय चित्तेखान्यात? गाडी पुढं घ्या."

 चाचांनी कासरा हातात घेतला. वाटाड्या उठला, गाडीपासून लांब झाला आणि तिथेच उभा राहिला.

चाचांनी वळसा असा घेतला की कुणीही बघत राहावे. परक्या मुलखातले परके बैल, पण पावलाला पाऊल. पाव वळसा झाला. गेंडा हलला नाही. झुडूप हळूहळू बाजूला सरकत होते आणि मी गाडीत उभा राहून मान लांब करत होतो. अर्ध्या वळशाला आलो तेव्हा घामेजलेली मान मागून गार पडली. वारा आता आमच्या पाठीवरून पुढे जात होता. मला दुसरे शिंग दिसले. पहिल्याच्या मागे, आखूड, जाड. "दोन!" मी म्हणालो, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरची सगळी पाखरे एकदम उठली.

इंजिनाने वाफ सोडावी तसा आवाज झाला. एवढे मोठे जनावर इतक्या हलक्या पायांनी पळते हे मला ठाऊक नव्हते. मी उडी मारली. कुठे मारली ते पाहिले नाही, काट्यांत पडलो आणि तिथेच तोंड खुपसून राहिलो. चाचांनी उडी मारली नाही. ते खाली उतरून बैल सोडत होते. एक सुटला. दुसऱ्याच्या मानेवरचे जू ते काढत असतानाच गेंडा आला. बैल गेला, गाडी उलटली, आणि गाडीचा साटा चाचांच्या उजव्या पायावर पडला. गेंडा थांबलाही नाही. तसाच पुढे काटेरी रानात गेला.

गाडीखालून चाचांना मी आणि वाटाड्याने काढले. ते ओरडले नाहीत. फक्त विचारले, "तुला लागलं का रं?"

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. परत येताना आगबोटीवर चाचा खालच्या मजल्यावर तापाने फणफणलेले, आणि वर पिंजऱ्यांत चित्ते. माझ्या हातून ते खाईनात. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण काय बोलावे ते सुचेना. एक चित्ता मुंबई यायच्या आधी दोन दिवस मेला.

कोल्हापुरात आल्यावर झाल्या प्रकाराची हकीकत लिहून मागितली गेली. मला नोकरीचे भय वाटले. पुन्हा गावाकडे, पुन्हा मोटेवर, आणि गूळ वाटलेले सगळे गाव बघायला. मी स्वतःला समजावले की चाचांचा पाय तर गेलाच आहे. गाडी ते आता हाकणार नाहीत. मग एक ओळ त्यांच्या नावावर गेली तर त्यांचे काय बिघडणार? मी लिहिले: "गेंडा पाहण्याच्या हौसेने चित्तेवानाने मनाई असता गाडी पुढे घेतली, व वळसा चुकीचा घेतल्यामुळे जनावर बिथरले." कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी अंगठा पुढे केला.

"वाचून दाखवू?" मी विचारले. ते हो म्हणाले असते तर मी काय केले असते, मला ठाऊक नाही.

"तू लिवलंयस न्हवं?" ते म्हणाले. "मग बरोबरच आसंल."

वरिष्ठांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला. त्यात त्यांचा दोष नाही, कागद विश्वास ठेवण्यासारखाच लिहिला होता. पाय गेलेल्या माणसाला काहीतरी काम देऊन चित्तेखान्यात ठेवता आले असते. त्या ओळीमुळे तेही राहिले नाही. चित्त्यांच्या आवारात त्यांनी पुन्हा येऊ नये, असे ठरले. आपण लंगडे झालो म्हणून घरी बसवले असे चाचा समजत राहिले. मी ते समजू दिले.

बाकीच्या चित्तेवानांच्या कानांवर मात्र काहीबाही गेले होते. ते चाचांना मागून 'गेंडेवान' म्हणत. चाचांचा मुलगाही चित्तेवान होता, वळसा घेण्यात बापाच्या तोडीचा. पण त्याला कुणी गाडीवर बसवेना. मटण कापणे आणि खाटा धुणे हे त्याच्याकडे आले. आफ्रिकेहून आणलेला दुसरा चित्ता जगला. त्याला रोज फिरवताना लोक म्हणत, "गेंडेवानाचा चित्ता चाललाय बघा."

मी दर शुक्रवारी चाचांकडे जात असे. कधी पपई, कधी तंबाखू नेई. गल्लीतली माणसे गेंड्याची गोष्ट ऐकायला जमत, कुणी नवे आले की चाचा "या पावणं" म्हणून त्याला जवळ बसवत आणि सांगत. राख, शेणाचे ढीग, पाखरे, सगळे सांगत. एका जागी आले की मी श्वास धरी. तिथे ते दर वेळी एवढेच म्हणत, "मग गाडी पुढं गेली." कुणी म्हटले म्हणून गेली, ते कधीच म्हणाले नाहीत. बोलताना माझ्याकडे बघतही नसत. पण आज सांगतील, आज नक्की सांगतील, या धास्तीने मी दर शुक्रवारी जाई, आणि न जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती.

चाचीने एकदा चहा देता देता म्हटले, "बाबा, लोक म्हणत्यात ह्येचा वळसा चुकला. पंचवीस वरसं गाडी हाकली ह्येनं. कधी वळसा चुकला न्हाय. एकदाच कसा चुकला?" मी चहा पीत राहिलो. लढाई संपली त्या सुमाराला तापाची साथ आली, तिच्यात चाची गेली. जसा नेला तसा आणला नाही, आणि का आणला नाही तेही तिला सांगितले नाही.

साथीनंतर पुन्हा आफ्रिकेहून चित्ते आणायचे ठरले. नवे वरिष्ठ आले होते. त्यांनी चाचांच्या मुलाचे काम पाहिले आणि त्यालाच पाठवायचे ठरवले. मला आनंद झाला. आता काहीतरी फिटेल असे वाटले. मग एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला.

"भाऊ, अब्बांचा त्यो कागद वाचून दावा की."

नाही म्हणायला कारण सापडेना. मी वाचला. वळशाच्या ओळीपाशी त्याने मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला लावली. 

"म्हंजे वळसा चुकला व्हता," तो म्हणाला. "नीट घेतला आसता तर गेंडा बिथरला नसता."

"तसं न्हाय रं..."

"मग कसं? तुमीच लिवलंय की. उद्या सकाळी माळावर या, भाऊ. दावतो."

मी गेलो. माळावर त्याने एक म्हैस खुंटीला बांधली होती, आणि तिच्याभोवती गाडी फिरवत होता. आफ्रिकेला जायचे ठरल्यापासून म्हणे रोज फिरवत होता. एक वळसा, दुसरा आतून, तिसरा आणखी आतून. बापासारखाच ढिला कासरा, बापासारखेच गुणगुणणे. वारा त्याच्या पाठीवरून म्हशीकडे जात होता. म्हैस रवंथ करत उभी होती. तिच्या पाठीवर दोन साळुंक्या बसल्या होत्या. गाडी तिच्या शेपटीजवळून गेली तरी त्या उडाल्या नाहीत. मी त्या साळुंक्यांकडे बघत राहिलो. तिकडची पाखरे उठली होती.

गाडी माझ्याजवळ थांबवून तो म्हणाला, "तिथं जाऊन गेंड्याभवती असाच वळसा घालणार. चार माणसं साक्षीला ठेवून. मग बघू कोण गेंडेवान म्हणतंय त्ये."

"नको घालूस. माझं ऐक. गेंडा वासावर येतोय, त्येला डोळं न्हाईत."

त्याचा चेहरा उतरला. "तुमी बी म्हणताय व्हय, की मी अब्बांसारखा चुकंन?"

त्याच दिवशी ऊन कलताना मी चाचांकडे गेलो. ते एकटेच दारात बसले होते, कुबडी भिंतीला टेकवून. मी म्हणालो, "चाचा, पोराला थांबवा."

"थांबिवून बघितलं," ते म्हणाले. "काल त्यो कागदात काय हाय ते सांगाय आलता. मला बी कालच कळलं."

मला बसवेना. मी उभाच राहिलो.

"म्या म्हणलं, बाळा, म्या नको म्हणलोतो. वारं फिरतंय म्हणून सांगिटलंतं. त्यो हसला. म्हणला, अब्बा, कागदावर अंगठा कुणाचा हाय?" चाचांनी आपला अंगठा वर धरून बघितला, जणू तो दुसऱ्याचा होता. "इतकी वरसं म्या तुजं नाव घेतलं न्हाय. पोरगं लिवणारं हाय, पोटावर पाय कशाला द्यायचा, म्हणून. आता घेतलं तरी कोण ऐकंल? माझ्या पोरालाच खरं वाटत न्हाय."

"चाचा..."

"मला सांगू नगंस," ते म्हणाले. "परवा दुपारी त्येची गाडी हाय. जिथं सांगायचं तिथं सांग."

पुढचा सगळा दिवस मी नवा कागद लिहिला. दोन पाने फाडली. तिसऱ्यावर "गाडी पुढे घ्या, असे मी म्हणालो" ही ओळ आली आणि मग बाकीचे आपोआप आले. जाण्याच्या सकाळी तो कागद वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे न बघता दाराकडे हात केला. मी तिथून सरळ चित्तेखान्यात गेलो.

आवारात दहा-बारा चित्तेवान होते. पिंजरे, दोर, पोती बैलगाडीत चढवणे चालू होते. मुलगा नवीन फेटा बांधून उभा होता. फाटकाच्या बाहेर, आत यायची मनाई असल्यामुळे, चाचा कुबडीवर उभे होते. मी फाटक उघडले आणि त्यांना हाताला धरून आत आणले. कुणी अडवले नाही. आमचा तो आफ्रिकेचा चित्ता आपल्या खाटेवर उठून बसला.

मी चाचांसमोर उभा राहिलो आणि बोलू लागलो. आवाज फुटेना. मागून कुणीतरी म्हणाले, "काय म्हणतंय कारकून?"

"मोठ्यानं बोल, लेका," चाचा म्हणाले. "माझ्या पोराला ऐकू जाऊ दे."

मग मी मुलाकडे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "गाडी पुढं घ्या असं मी म्हणलोतो. तुझ्या अब्बांनी नको म्हणून सांगिटलं. वारं फिरंल म्हणून सांगिटलं. मी त्येंना भित्रा म्हणलो, म्हणून त्येंनी गाडी घेतली. वळसा चुकला न्हवता. त्येंच्या हातनं वळसा कधीच चुकला न्हाय. नीट वळसा घेतला म्हणूनच वारं पाठीला आलं. तू बी नीटच घेशील, आन्‌ तू बी मरशील. मी गाडीतनं उडी टाकून पळालो, ह्ये बैल सोडत राहिले. कागद मी खोटा लिवला, वाचून न दावता त्यावर त्येंचा अंगठा घेतला."

 मुलाने फेटा काढून हातात घेतला होता. मी चाचांच्या पायाशी वाकलो. तिथे एकच पाय होता, आणि दुसऱ्याच्या जागी कुबडीचे टोक. मी दोन्हींवर हात ठेवले.

"चाचा, तुमचा पाय माझ्यामुळं गेला. तुमचं नाव माझ्यामुळं गेलं. चाचीला मी तोंड दाखवत राहिलो आन्‌ खरं सांगिटलं न्हाय. माझी चूक झाली. मला माफ करा."